तिसांतले बावीस

उंदराच्या पाठीवर लावलेली कातडी धरली की नाही, हे पाचव्या दिवशी कळतं. पट्टी सोडायची, आतला कापूस सलाइनने भिजवून हळूच उचलायचा आणि रंग पाहायचा. फिकट गुलाबी असेल तर धरली. पांढरट किंवा काळपट दिसली, बोट लावल्यावर सरकली, तर गेली. मग नोंदवहीत त्या उंदराच्या ओळीत बरोबरची खूण करायची किंवा फुली मारायची. हे काम मी चार वर्षं केलं आहे आणि अजूनही करतो.

जालन्याबाहेर, बदनापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका कॉलेजच्या प्राणीगृहात मी तंत्रसहायक आहे. या नोकरीला एकोणीस वर्षं झाली. पिंजरे धुणं, खाद्य, पाणी, खोलीचं तापमान, रोजची वजनं आणि नोंदवही, एवढं माझ्याकडे. खोली बावीस ते चोवीस अंशांत ठेवायची. दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. आमचे उंदीर घरात फिरतात तसले नव्हेत. पांढरे, लाल डोळ्यांचे, अडीचशे ग्रॅमच्या आसपास. हातावर घेतले तर चावत नाहीत. सकाळी साडेआठला मी काट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि एकेकाचं वजन घेतो. एका ग्रॅमचीही चूक मला चालत नाही. घरी बायको म्हणते, हा माणूस मिठाची पुडीसुद्धा तोलून पाहील. पाहिली आहे, एकदा.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या. वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, मला काका म्हणणाऱ्या. भाजलेल्या माणसांना कातडी लावतात ती जास्त चांगली कशी धरेल, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी आधी उंदरावर नीट कातडी लावता यायला हवी आणि तीच येत नव्हती. उंदराची कातडी सैल असते. तिच्याखाली एक पातळ स्नायू असतो, तो सारखा हलतो. पाठीवर दोन सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा लावला की उंदीर अंग झाडतो, तुकडा सरकतो, खाली पाणी साचतं आणि पाचव्या दिवशी कापसाबरोबर सगळं हातात येतं. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त गेले. मॅडम हातमोजे काढून स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, एवढे जीव फुकट गेले." त्यांचा आवाज मला अजून आठवतो, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक जण फुकट गेलेल्या दिवसांबद्दल बोलतात.

मग त्यांनी एकेक गोष्ट बदलली. लावायच्या तुकड्याला ब्लेडने बारीक चिरा पाडल्या, म्हणजे खालचं पाणी बाहेर येईल. टाक्यांचे दोरे लांब ठेवले, तुकड्यावर कापसाची गादी ठेवून ते दोरे तिच्यावरून आडवे-उभे बांधले, म्हणजे तुकडा दाबून बसेल. त्याने फरक पडला. पण उंदीर मान वळवून पट्टी कुरतडायचे. एका पिंजऱ्यात दोन ठेवले तर एकमेकांची कुरतडायचे. एकेकटे ठेवले तर कोपऱ्यात बसून राहायचे, पण पट्टी कुरतडायचेच.

त्यावर उपाय मी सुचवला. लहान मुलाचा मोजा घ्यायचा, पंजाचा भाग कापून टाकायचा, पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडायची आणि ती नळी उंदराच्या अंगात चढवायची. मोजा ताणला जातो, बसतो घट्ट. पहिला मोजा घातला तेव्हा मॅडम हसल्या आणि मग गंभीरपणे म्हणाल्या, "हे चालेल." कापलेल्या कडेचे धागे निघत होते, ते उंदीर ओढत होते. म्हणून मी जुन्या जालन्याच्या बाजारातून मोजे आणले आणि बायकोला कडा शिवून द्यायला सांगितलं.

त्या रविवारी माझा मेहुणा जेवायला आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा. मूळ घर परतूरला, तिथे त्याची आई एकटी. हा इकडे एमआयडीसीत लोखंडी सळ्यांच्या मिलमध्ये कामाला होता आणि जवळच खोली करून राहत होता. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायचा. शिलाई मशिनीवर मोज्यांचा ढीग पाहून त्याने एक मोजा उचलला आणि दोन बोटांवर चढवला.

"ताई, उंदराचं बारसं हाय का?"

"तुझं लगीन जमना, म्हणून उंदरांचं करून राह्यले," बायको म्हणाली.

"दाजी, नवरदेव किती वजनाचा?"

"दोनशे अठ्ठेचाळीस," मी म्हणालो. त्या सकाळचं खरंच तेवढं होतं.

"बराबर. दाजीला मस्करीबी तोलूनच लागते."

मग त्याने मोजा घातलेली बोटं पलंगाच्या कडेवरून चालवत बायकोपर्यंत नेली आणि तिच्या कानाला लावली. तिने त्याच्या हातावर चापट मारली. थोड्या वेळाने त्याने मला सरळ विचारलं, "मंग शेवटी काय होतं हो त्यांचं?"

मी सांगितलं. चौदाव्या दिवशी कातडीवर पारदर्शक कागद ठेवून धरलेल्या भागाची कड आखून घेतो, तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून एकेक मिलिमीटरचे चौकोन मोजतो आणि मग जास्तीची भूल देऊन उंदीर मारतात. आतली कातडी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

बायकोची मशीन थांबली. "अन् हे मोजे?"

"कापून काढतो."

उरलेले मोजे मात्र तिने शिवून दिले. मेहुणा म्हणाला, "आमच्या मिलमधी बी असंच हाय, दाजी. कामापुरतं समदे विचारतात." तो हसतच म्हणाला होता.

त्या खेपेला प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीने मॅडमना तीस उंदरांची परवानगी दिली होती. तीस म्हणजे तीस, एकतिसावा मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक ओळ महत्त्वाची होती. नियम सुरुवातीलाच ठरला होता: जो उंदीर चौदाव्या दिवसापर्यंत पोचणार नाही, त्याची कातडी मोजता येणार नाही, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही. त्याच्या ओळीवर तांबडी रेघ मारायची आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. तांबड्या पेनचं काम माझ्याकडे होतं.

तीन भुलीतून उठलेच नाहीत. दोघांनी मोज्यासकट सगळं फाडून काढलं आणि मोठी जखम करून घेतली, त्यांना आधीच मारावं लागलं. तीन तिसऱ्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान मेले. त्या तिघांतल्या दोघांच्या ओळीत पाचव्या दिवशीची बरोबरची खूण होती. कातडी धरली होती, उंदीर गेला. अशा आठ ओळींवर मी पट्टीने सरळ रेघा मारल्या. उरले बावीस. त्यांतल्या वीस जणांची कातडी धरली. मॅडमनी गणित केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बावीसात वीस, म्हणजे दहात नऊ. निम्म्यावरून इथवर आलो होतो. मीही खूश होतो. घरी येऊन बायकोलाही तो आकडा सांगितला.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. सकाळी अकराला मिलमधून फोन आला. मिलमध्ये लाल तापलेली सळई दाबणाऱ्या फिरत्या रुळांच्या एका जोडीमधून निघते, ती सांडशीने धरून पुढच्या रुळांत घालायची असते. मेहुणा तेच काम करायचा. त्या दिवशी सळई रुळात न जाता बाहेर उसळली आणि त्याच्याभोवती वळली. पोट, उजवी कूस, उजवा हात आणि मांडी. कपड्यांनी पेट घेतला. मी कॉलेजमधून, बायको घरून, असे आम्ही संभाजीनगरच्या हॉस्पिटलात पोचलो. दुपारच्या गाडीने परतूरहून सासूबाई आल्या.

तिथल्या डॉक्टरांनी पस्तीस टक्के भाजल्याचं सांगितलं. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, असं मोजतात. मेहुणा झोपलेला असताना मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहत बसायचो आणि असे पस्तीस हात म्हणजे केवढं, ते मनात पसरून बघायचो. मोठे हात होते त्याचे.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जळालेली कातडी काढून तिथे नवी लावू. ती त्याच्याच डाव्या मांडीवरून आणि पोटरीवरून पातळ सोलून घ्यावी लागेल. उशीर केला तर जंतू शिरतील. धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. सही करा.

मेहुणा औषधांच्या गुंगीत होता, म्हणून सही सासूबाईंची हवी होती. त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"एवढं जळलं लेकरू. एक पाय चांगला राह्यला, तोबी सोलायचा? म्या न्हाई करत सही."

बायकोने समजावून पाहिलं. डॉक्टर सांगतात म्हटलं, त्या म्हणाल्या, डॉक्टर तर सांगणारच. मग बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही रोज हेच करता ना. सांगा ना आईला."

"दहात नऊ धरतात," मी म्हणालो.

बायको आईजवळ बसली. "ऐकलं का, आई? दहात नऊ. हे कधी आकडा चुकवत न्हाईत, तुला ठाऊक हाय."

सासूबाईंनी मला विचारलं, "धरती म्हणजे कलमावानी?"

त्यांच्या माहेरी मोसंबीची बाग होती. झाडाला डोळा भरतात, तो धरला की झाड आपलं झालं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मी म्हणालो, "तसंच."

त्यांनी सही केली. ती करायलाच हवी होती, हे मी आजही म्हणतो. पुढे मी आणखी दोन डॉक्टरांना विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. सहीबद्दल माझी तक्रार नाही.

शस्त्रक्रिया झाली. पाचव्या दिवशी पट्टी उघडताना नात्यातल्या एकाला आत येऊ देतो म्हणाले, तेव्हा मी गेलो. अंगात गाऊन, तोंडाला मास्क. सिस्टरने कापूस भिजवला आणि हळूच उचलला. मी वाकून पाहिलं. फिकट गुलाबी. कडेला एका ठिकाणी थोडी पांढरी, पण बाकी सगळी गुलाबी. मला एकदम हलकं वाटलं. मेहुणा माझ्याकडे पाहत होता. "किती, दाजी?" त्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता. "झकास," मी म्हणालो. "आकडा सांगा," तो म्हणाला. "नव्वद," मी म्हणालो.

बाहेर आलो. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. अकरा दिवस त्या त्याच व्हरांड्यात होत्या, दोन लुगडी आलटून पालटून. पाय सुजले होते. मी म्हणालो, "धरली. आता भीती नाही. तुम्ही दोन दिवस परतूरला जाऊन या. अंघोळ करा, नीट झोपा. आम्ही आहोत इथे."

"जाऊ?"

"जा."

स्टेशनवर मीच सोडायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळवून दिली. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही, त्यांना सवय नव्हती. फक्त मान हलवली.

शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवशी त्याला ताप आला. आठव्या दिवशी दुपारी श्वास लागला, संध्याकाळी घशात नळी घातली. आम्ही परतूरला फोन केला. रात्रीच्या गाड्या निघून गेल्या होत्या, सासूबाई शेजाऱ्याला बरोबर घेऊन पहाटे निघाल्या. नवव्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो गेला. तेव्हा त्यांची गाडी बदनापूरच्या पुढे आली होती.

रक्तात जंतू पसरले होते. डॉक्टर चांगले होते, त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "कातडी फार छान धरली होती हो. नव्वद टक्क्यांच्या वर." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असणार.

परतूरला दहावं-तेरावं आटोपून आम्ही घरी आलो. एका दुपारी बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, मी दाराशी बसलो होतो. तिने मान वर न करता विचारलं, "दहात नऊ म्हणाल्ते ना तुम्ही. मंग तो त्या एकात गेला का?"

"नाही."

"नवात?"

"नाही. कातडी धरली, पण चौदावा दिवस आला नाही. अशी ओळ आम्ही मोजत नाही."

"मंग काय करता तिचं?"

"तांबडी रेघ मारतो."

"कोण?"

"मी."

तिने जुडी खाली ठेवली. "अशा किती होत्या?"

"आठ. तिसांत."

ती हिशेबात कच्ची आहे असं आम्ही दोघंही समजत आलो होतो. पण तिला वेळ लागला नाही. "म्हंजी तिसांत वीसच. अन् तुम्हाला तवा ठाऊक होतं हे."

"होतं."

"मंग दहात नऊ का म्हणाले?"

मी खरं ते सांगितलं. तिने विचारलं तेव्हा तोंडात तोच आकडा आला. तो मॅडमनी काढलेला होता, मी तीन आठवडे मनात घेऊन फिरत होतो. खोटा नव्हता. कातडी धरते का, याचं ते उत्तर होतं. पण व्हरांड्यात कुणी कातडीबद्दल विचारत नव्हतं. त्या दोघी माणसाबद्दल विचारत होत्या.

"सही केली ते बराबर केलं," बायको म्हणाली. "पण आईला पाठवायला नको होतं." मग ती मेथी निवडायला लागली. जुडी संपल्यावर म्हणाली, "ते मोजे मी आता न्हाई शिवणार."

कामावर रुजू झालो त्या दिवशी मी ती नोंदवही काढली. मॅडम आल्या तेव्हा मी तांबड्या रेघांच्या ओळी वाचत होतो. घरी काय झालं ते त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "मॅडम, निकालाखाली तीस हा आकडाही लिहायला हवा."

"लिहिला आहे, काका," त्या म्हणाल्या. "तीस घेतले, बावीस मोजले, आठ का वगळले ते सगळं लिहिलंय. आपण कुणापासून लपवलेलं नाही."

"आपण नाही," मी म्हणालो. "मी लपवलं. घरी."

त्या स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि तांबड्या ओळी वाचायला लागल्या. माझी रोजची वजनं तिथे होतीच. मधेच मेलेल्या तिघांपैकी एकाचं मी लिहिलं होतं: दोनशे एकेचाळीस, दोनशे एकोणतीस, दोनशे सतरा, दोनशे चार. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याचंही तसंच. उंदीर रोज बारा-तेरा ग्रॅमने उतरत होते, मी ते अचूक लिहीत होतो आणि मेल्यावर वरून रेघ मारत होतो. सलग वाचलं कुणीच नव्हतं. मॅडमनी नाही आणि मीही नाही.

"हे खात नव्हते, काका," मॅडम म्हणाल्या.

आमच्या पिंजऱ्यात खाद्य वरच्या जाळीच्या खोबणीत असतं. उंदीर मागच्या पायांवर उभा राहून ते ओढून खातो. मोजा घट्ट बसला तर त्याला ताठ उभं राहता येत नाही. बाकीच्यांना कसंबसं जमलं होतं, या तिघांना जमलं नसणार. मी रोज सकाळी त्या पिंजऱ्यांत खाद्य शिल्लक पाहत होतो. शिल्लक आहे म्हणून वरून नवं घालत नव्हतो.

पुढच्या खेपेला मॅडमनी खाद्य पाण्यात भिजवून खाली वाटीत ठेवायला सांगितलं. मोजे एक माप मोठे घेतले. भुलीनंतर उंदीर शुद्धीवर येईपर्यंत अंगाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची, दुखणं कमी करणारं औषध पहिले तीन दिवस द्यायचं, असंही ठरवलं. मोज्यांच्या कडा मी हाताने दुमडून शिवल्या, वेड्यावाकड्या, पण टिकल्या. त्या खेपेला मधल्या दिवसांत एकच उंदीर मेला. नोंदवहीत मी एक रकाना वाढवला, जिवंत की नाही, आणि तो कातडीच्या रकान्याच्या आधी ठेवला. मॅडम म्हणाल्या, फार चांगलं काम झालं, काका. मी मान हलवली. चांगलं झालंच होतं.

परतूरला मात्र मी गेलो नव्हतो. बायको जाऊन यायची, मी कामाचं निमित्त सांगायचो. चार महिन्यांनी एका रविवारी सकाळच्या गाडीने एकटाच गेलो. बायकोला सांगितलं, आईंना सगळं सांगून येतो. ती म्हणाली, "सांगा. पण ती काही म्हणली तर ऐकून घ्या."

सासूबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, जेवून आलात का विचारलं. मी म्हणालो, "जेवतो, पण आधी एक सांगायचंय." आणि सांगितलं. तीस, आठ, बावीस, वीस. पाचव्या दिवशी खूण केलेले उंदीरसुद्धा नंतर मेले होते, ते मला माहीत होतं, तरी तुम्हाला भीती नाही म्हणालो आणि गाडीत बसवून दिलं. चूक माझी आहे. हे सगळं मी गाडीत मनात जुळवून ठेवलं होतं, तसंच बोललो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला ते नऊ-दहाचं तवाबी कळलं नव्हतं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आताबी न्हाई कळलं. त्या दिशी तुम्ही आतून बाहेर आलात, ते तोंडावरचं फडकं काढलं, अन् म्या तुमचं तोंड पाह्यलं. लग्नापसून तुमचं तोंड असं कधी पाह्यलं नव्हतं. म्हणून गेल्ते."

मी त्या आठ ओळींचा हिशेब द्यायला आलो होतो.

मग त्यांनी विचारलं, "म्या गेल्यावर माझं नाव काढलं का त्यानं?"

"काढलं."

"कितींदा?"

"दोनदा. सातव्या दिवशी. आठव्याला नळी होती, बोलता येत नव्हतं."

"काय म्हणला?"

"आई कुठंय म्हणाला. मी म्हणालो, परतूरला गेल्यात, उद्या येतील."

"सातव्या दिशी."

"हो."

"मंग त्याच दिशी फोन का न्हाई केला?"

"साधा ताप आहे असं वाटलं," मी म्हणालो. "आणि तुम्ही दोन दिवस झोपावं असं वाटलं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागाने नाही. मी काय म्हणतो ते खरं आहे की नाही, एवढंच पाहत असाव्यात. मी नजर खाली केली नाही. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा विचारलं, "दोनदा म्हणालात ना? बराबर दोनदा?"

"बरोबर दोनदा. एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीला."

"सकाळी अन् दिवेलागणीला," त्या म्हणाल्या. नंतर उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी ताट वाढायला घेतलं.